तोंडाचा वास ते तीस मिलिग्रॅम

धाराशिव जिल्हा पोलिसांची प्रसिद्धिपत्रकं ज्यांच्या नजरेखालून रोज जातात, त्यांना त्यातली लघुरूपं तोंडपाठ असतात. मटका म्हणजे म.जु.का. (महाराष्ट्र जुगार कायदा), हातभट्टी म्हणजे म.दा.का. (महाराष्ट्र दारूबंदी कायदा), आणि दारू पिऊन मोटारसायकल चालवताना सापडलेला माणूस म्हणजे मो.वा.का. (मोटार वाहन कायदा) कलम 185. हाच गुन्हा मुंबईत 'ड्रंक अँड ड्राइव्ह' होतो. उमरग्याचा पोरगा नोकरीसाठी अमेरिकेत गेला की त्याला कळतं, तिथं एका राज्यात याला 'डीयूआय' म्हणतात, दुसऱ्यात 'डीडब्ल्यूआय', तिसऱ्यात 'ओडब्ल्यूआय'. आणि 2015 पासून अशी एखादी अटकही व्हिसा रद्द व्हायला पुरू शकते.

नाव काहीही ठेवा, अडचण एकच. माणूस प्यायलेला आहे हे कायद्यानं ओळखायचं कशावरून? तोंडाच्या वासावरून, चालण्यावरून, की रक्तातल्या आकड्यावरून? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं. धाराशिवची गोष्ट त्यात थोडी निराळी आहे, कारण मुंबईकडची दारूबंदी आणि रक्ताचा आकडा या दोन्ही गोष्टी इथं एकाच अधिनियमातून आल्या.

त्याआधी इथं आबकारीचं राज्य होतं. धाराशिव हैदराबाद संस्थानात होतं. जिल्ह्याचं मुख्य ठाणं आधी नळदुर्गला होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते धाराशिवला हललं आणि पुढं मीर उस्मान अली खानाच्या नावावरून गावाचं उस्मानाबाद झालं. निजामाच्या सरकारसाठी दारू हा नीतीचा नव्हे, महसुलाचा विषय होता. शिंदीच्या झाडावर कर, गाळण्यावर कर, विकण्यावर कर. कोण किती प्यायला याच्याशी आबकारी खात्याला देणंघेणं नव्हतं. कर न भरता कोण प्यायला, एवढंच त्याला पाहायचं होतं. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांबरोबर शिंदीची झाडंही तोडली गेली. झाडावर कुऱ्हाड पडली की घाव थेट निजामाच्या खजिन्यावर बसत होता.

मोटारी इथं तशा उशिरा आल्या. बार्शी लाइट रेल्वे येडशी-ढोकी करत 1911 साली लातूरला पोचली, पण जिल्ह्याचं गाव तिच्या वाटेवर नव्हतं. निजामाच्या रेल्वेनं 1932 साली आपलं रस्ते वाहतूक खातं काढलं तेव्हा अख्ख्या संस्थानासाठी त्यात 27 बसगाड्या होत्या. सोलापूर-हैदराबाद रस्ता नळदुर्ग, उमरग्यावरून जात होता आणि त्यावरून बैलगाड्याच जास्त चालत होत्या. प्यायलेला गाडीवान झोपी गेला तरी बैल घरी आणून सोडत, त्यामुळे या गुन्ह्याला स्वतंत्र कलम लागतं असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

याच रस्त्यानं 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच त्यांच्या हाती आला आणि चार-पाच दिवसांत संस्थान संपलं. हैदराबाद राज्य मात्र लगेच मोडलं नाही. मराठवाडा त्यात 1956 पर्यंत राहिला. परिणामी काही वर्षं एक चमत्कारिक स्थिती होती. सोलापूर मुंबई राज्यात, तिथं 1950 पासून संपूर्ण दारूबंदी. तिथून तुळजापूरकडं निघालं की जेमतेम तासाभराच्या वाटेवर राज्य बदलत होतं, आणि बाळासाहेब खेर व मोरारजी देसाईंचा तो दारूबंदी कायदा शिवेवरच थांबत होता.

मोटार चालवण्याचा कायदा त्या मानानं साधा होता. केंद्राचा मोटार वाहन कायदा 1939 चा. विलीनीकरणानंतर तो इथंही लागू झाला. त्याचं कलम 117 दारू किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली गाडी चालवण्याबद्दल होतं, पण त्यात एक अट होती. चालक इतका अंमलाखाली हवा, की गाडीवर नीट ताबा ठेवणं त्याला अशक्य व्हावं. म्हणजे पिणं हा गुन्हा नव्हता, ताबा सुटणं हा गुन्हा होता. आणि ताबा सुटला होता की नाही हे सांगणार कोण? पकडणारा हवालदार आणि तपासणारा डॉक्टर. पहिल्याचं नाक, दुसऱ्याची नजर.

या नाक-नजरेच्या पुराव्याची कसोटी मुंबईत लागली, आणि तीही कुणाच्या प्रकरणात? मुंबई विभागाच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या. लोकांना गाडी चालवायचे परवाने देणाऱ्या खात्याचाच साहेब! 29 मे 1951 च्या रात्री साडेनऊच्या सुमारास बेहराम खुर्शीद पेसिकाका यांच्या जीपनं कुलाब्यात खुस्रू बागेच्या फाटकाजवळ तिघांना धडक दिली. तोंडाला दारूचा वास आला म्हणून पोलिसांनी त्यांना सेंट जॉर्ज रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी नोंद केली ती अशी: श्वासाला अल्कोहोलचा वास, डोळे लाल, बाहुल्या अर्धवट विस्फारलेल्या, पण बोलणं सुसंगत, आणि सरळ रेषेत चालता येतं. निष्कर्ष असा, की यांनी कोणत्या तरी रूपात अल्कोहोल घेतलं आहे, पण ते अंमलाखाली असल्यासारखे दिसत नाहीत.

पेसिकाकांचं म्हणणं, आपण दारू नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. आज वाचताना हे निमित्त वाटेल, पण तो दिवस पाहा. अपघाताच्या चारच दिवस आधी, 25 मे 1951 ला, सर्वोच्च न्यायालयानं बलसारा खटल्यात निकाल दिला होता, की अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्या वापरापुरती मुंबईची दारूबंदी घटनाबाह्य आहे. दारूबंदीच्या भिंतीला चार दिवसांपूर्वी पडलेलं भगदाड, आणि साहेबांनी नेमकं त्यातूनच बाहेर पडायची वाट धरली. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडलं. सरकारनं अपील केल्यावर मुंबई उच्च न्यायालयानं दारूबंदी कायद्याच्या कलम 66 खाली दोषी धरून एक महिना सक्तमजुरी आणि 500 रुपये दंड ठोठावला. शेवटी 1954 साली सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं त्यांची सुटका केली. पोटात गेलेलं अल्कोहोल औषधातलं नव्हतं, बंदी असलेल्या दारूचंच होतं, हे सरकारनं सिद्ध करावं. आरोपीनं नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं.

घटनातज्ज्ञ या निकालाची चर्चा वेगळ्याच कारणासाठी करतात: न्यायालयानं रद्द केलेला कायद्याचा भाग मेला असं मानायचं की निजला, हा त्यांचा प्रश्न. ती चर्चा इथं नको. पोलिसांच्या दृष्टीनं निकालाचा अर्थ सरळ होता. वास आला, डोळे लाल होते, एवढ्यावर दारूबंदीचा खटला टिकणार नव्हता, कारण प्रत्येक आरोपी उद्या टॉनिकची बाटली पुढं करणार होता.

तोवर जगात दुसरा मार्ग सापडलेला होता. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रक्तातलं अल्कोहोल मोजायची पद्धत बसवली. नॉर्वेनं 1936 साली थेट आकडाच कायद्यात घातला: रक्तात 0.05 टक्क्यांवर अल्कोहोल असेल तर चालक दोषी, मग तो रेषेवर कितीही सरळ चालो. अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी 1954 साली श्वासावरून मोजणारं यंत्र बनवलं.

मुंबई सरकारनं 1959 च्या 12 व्या अधिनियमानं आकड्याचा मार्ग धरला. या एका अधिनियमानं दोन कामं केली. दारूबंदीचा कायदा राज्याच्या ज्या भागांत लागू नव्हता तिथं तो नेला. म्हणजे 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आलेल्या मराठवाड्यात, आणि अर्थातच उस्मानाबादेत. आणि त्याच फटक्यात त्यानं कलम 66 ला दुसरं पोटकलम जोडलं. आरोपीच्या रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातलं होतं हे सिद्ध करायचा भार आरोपीवर. पेसिकाकांनी मिळवलेली वाट इथं बुजवली गेली. कलम 129 अ नं पोलिसांना वैद्यकीय तपासणी आणि रक्तनमुना घेण्याचा अधिकार दिला. मुंबईला दहा-बारा वर्षं ठेचा खाऊन जे सुचलं, ते उस्मानाबादला पहिल्याच दिवशी तयार मिळालं.

या कायद्याखालचे 1959 चे रक्तचाचणीचे नियम मुद्दाम वाचावेत, इतके ते बारीक आहेत. सिरिंज उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करायची. त्वचा निर्जंतुक पाण्यानं पुसायची, स्पिरिटनं नाही, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. सवयीनं स्पिरिटचा बोळा फिरवला की बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा. निदान 5 घनसेंटिमीटर रक्त. ते गोठू नये आणि नासू नये म्हणून बाटलीत आधीच रसायनं. रक्त घातल्यावर बाटली चांगली हलवायची, चिठ्ठी लावायची, झाकणावर लाख ओतून डॉक्टरचा शिक्का उमटवायचा आणि मग ती सरकारी प्रयोगशाळेकडं रवाना करायची. तिथून येतो तो 'सी.ए. रिपोर्ट', म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. कोर्टाच्या आवारात आजही हाच शब्द ऐकू येतो.

आकडा आला म्हणून सवय लगेच गेली नाही. वास, लाल डोळे, अडखळती जीभ, झोकांड्या एवढ्याच भांडवलावर खटले भरले जात राहिले. 1971 साली बच्चूभाई करियानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं, की वास, डगमगती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणं एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असा पक्का निष्कर्ष काढता येत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती. अपघात होऊन डोक्याला मार बसलेला माणूसही तसाच चालतो आणि तसाच बोलतो, एवढं तर कुणालाही कळेल.

दरम्यान दारूबंदी स्वतःच सैल पडत गेली. वसंतराव नाईकांच्या काळात परवाने आले, 1973 च्या नियमांनी देशी दारू सरकारमान्य झाली, आणि कायद्याच्या नावात 'दारूबंदी' ठेवून सरकार पुन्हा उत्पादनशुल्क मोजू लागलं. निजामाच्या आबकारीहून हे फारसं वेगळं होतं असं मला वाटत नाही. पिण्याचा परवाना मात्र कागदावर अजूनही लागतो. एक दिवसाचासुद्धा मिळतो.

नीतीचा कायदा असा ढिला होत असताना मोटारीचा कायदा आवळत गेला. 1939 चा कायदा जाऊन 1988 चा आला आणि कलम 185 जन्मलं. त्याचं मूळ रूप आज कित्येक वकिलांच्याही ध्यानात नसतं. रक्तात अल्कोहोल 'कितीही थोडं' असलं तरी चालक दोषी, असं ते होतं. ऐकायला कडक, पण खोकल्याच्या औषधाचा चमचा घेतलेलाही त्यात सापडावा. 1994 च्या दुरुस्तीनं तिथं आकडा बसवला: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त, आणि तेही ब्रेथ अॅनालायझरच्या चाचणीत आढळलेलं. ताबा सुटण्याची जुनी अट अमली पदार्थांपुरती उरली. दारूसाठी आता चाल, बोलणं, डोळे काहीच पाहायचं नव्हतं. नळीत फुंका, आकडा वाचा.

इथं एक गुंता झाला, तो अजून आहे. मोटार कायद्याचे 30 मिलिग्रॅम म्हणजे 0.03 टक्के, दारूबंदी कायद्याचा आकडा 0.05 टक्के, म्हणजे 50 मिलिग्रॅम. एकाच रक्ताला दोन मापं. चाळीस मिलिग्रॅमवाला चालक कलम 185 खाली दोषी, पण कलम 66 खाली भार त्याच्यावर येत नाही. उमरग्याच्या पुढं कर्नाटकाची हद्द लागते, तिथं महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा नाही. हैदराबादेहून येणारा ट्रकवाला कलम 185 चा गुन्हा घेऊन सगळा रस्ता येतो. कलम 66 त्याला हद्द ओलांडल्यावर भेटतं.

लोकांच्या मनात हा गुन्हा खऱ्या अर्थानं गंभीर झाला तो मात्र कलम 185 मुळे नाही, वांद्र्यामुळे. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे कार्टर रोडवर अॅलिस्टर परेरा याची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चौपट. सत्र न्यायालयानं निष्काळजीपणानं मृत्यू एवढंच मानून सहा महिने दिले आणि शहर खवळलं. उच्च न्यायालयानं 2007 साली भारतीय दंड संहितेच्या कलम 304 चा दुसरा भाग, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावून तीन वर्षं केली. सर्वोच्च न्यायालयानं 12 जानेवारी 2012 रोजी ती कायम ठेवली. बचावाची एक हरकत अशी होती, की दोषारोपपत्रात दारूचा उल्लेखच नाही, मग तिचा पुरावा वापरला कसा? न्यायालयानं ती फेटाळली. प्यायलेला माणूस गाडी हाती घेतो तेव्हा काय घडू शकतं हे त्याला ठाऊक असतं, हा विचार त्या निकालातून खालच्या कोर्टांपर्यंत झिरपला. त्याआधीच, 2007 च्या जूनपासून, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी नाकाबंदीची मोहीम उघडली, आणि 'ड्रंक अँड ड्राइव्ह' हा शब्द धाराशिवच्या पानटपरीपर्यंत पोचला.

आकड्याची दुसरी बाजूही वांद्र्यानंच दाखवली. सलमान खानवरच्या 2002 च्या अपघाताच्या खटल्यात रक्ताचा अहवाल 62 मिलिग्रॅमचा होता. सत्र न्यायालयानं मे 2015 मध्ये पाच वर्षं दिली. त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, आणि त्यात रक्ताच्या नमुन्याची हाताळणी शंकास्पद ठरली. आकडा कितीही असो, तो ज्या बाटलीतून आला तिचा प्रवास सांगता आला नाही तर कोर्टात तो उभा राहत नाही.

धाराशिवच्या रस्त्यांवर सगळ्यात दृश्य परिणाम केला तो वेगळ्याच निकालानं. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं के. बालू प्रकरणात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. तारीख ठरली 1 एप्रिल 2017. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर 220 मीटरवर आलं आणि त्या जुलैत पालिका हद्दींना मोकळीक मिळाली. सोलापूर-हैदराबाद आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येरमाळा-बीड असे दोन राष्ट्रीय महामार्ग ज्या जिल्ह्यातून जातात, तिथं हा निकाल म्हणजे नकाशावर नव्यानं रेघा मारणं होतं. चालकाच्या रक्तात शोधायची गोष्ट न्यायालयानं प्रथमच रस्त्याच्या कडेला शोधली होती. माझ्या मते विचार योग्य होता, पण अंतर चालत कापता येतं, आणि पालिकांची सूट आल्यावर त्यातली धार बरीच गेली.

मग दंड वाढले. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्याला 2,000 ऐवजी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 15,000 आणि दोन वर्षांपर्यंत. श्वासयंत्राबरोबर प्रयोगशाळेची चाचणीही कलमात स्पष्ट आली. महाराष्ट्रानं वाढीव रकमा डिसेंबर 2021 पर्यंत लांबवल्या, पण त्या जागेवर मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या. कलम 185 त्या यादीत कधीच नव्हतं. इथं पावती फाडून सुटका नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. 2024 च्या जुलैत दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. रस्त्यावर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला 1860 पासून दहा रुपये दंड होता, तो एकदम हजार झाला आणि सोबत सामाजिक सेवेची शिक्षाही आली. त्याआधी वर्षभर उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं होतं, आणि 'मुंबई दारूबंदी कायदा' त्याहून आधीच 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' झाला होता.

आता रात्री एक वाजता सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर येणेगूरजवळ एखादी गाडी थांबवली जाते असं धरा. यंत्र हाताशी असेल तर आकडा तिथंच मिळतो. नसेल, किंवा चालकानं फुंकायला नकार दिला, तर त्याला रुग्णालयात न्यावं लागतं. कायदा म्हणतो, कलम 185 खाली अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी दोन तासांत व्हायला हवी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडून द्यावं. उमरग्याचं उपजिल्हा रुग्णालय त्या मानानं जवळ. परंड्याच्या एखाद्या वाडीवरून हीच वेळ गाठायची तर रस्ता आणि ड्युटीवरचा डॉक्टर दोन्हींची साथ लागते. इतका वेळ शरीर काही थांबत नाही; यकृत दर तासाला आकडा खाली आणत असतं. पहाटे ठाण्यावर परतलेला हवालदार 185 लिहितो, कधी सोबत म.दा.का. लिहितो. पुढं चालकानं गुन्हा कबूल केला तर प्रकरण बहुधा दंडावर मिटतं. नाकबूल केला, तर सी.ए. रिपोर्ट येईपर्यंत तारखा पडतात, आणि मग ज्या डॉक्टरनं रक्त घेतलं त्याची साक्ष निघते: लाखेवर शिक्का कुणाचा होता, आणि सुई टोचण्याआधी दंड कशानं पुसला होता.